१७९८ की १७९९? गुढीच्या तांब्यासोबत घासला गेलेला अमेरिकन सेंट

महालकर:
नमस्कार. मोठे मामा गेल्यावर त्यांची पानाची पितळी डबी माझ्याकडे आली. तळाशी, कात-चुन्याच्या वाट्यांखाली, तांब्याचं एक नाणं निघालं. आपल्या दहाच्या नाण्यापेक्षा जरासं मोठं. पुढे मोकळ्या केसांची बाई, वर लिबर्टी; मागे पानांच्या वेढ्यात वन सेंट आणि खाली एक छेद शंभर. साल १७९ इथवर नीट वाचता येतं, शेवटचा आकडा पार झिजलाय. मला तो नऊ वाटतो. १७९९ चा सेंट फार दुर्मीळ असतो, हे वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही.

त्यात पाडव्याच्या आदल्या दिवशी आईनं गुढीचा तांब्या चिंच-मीठ लावून घासला आणि टेबलावरचं नाणंही सोबत घासून टाकलं. मायेनंच केलं, तिला काही बोललो नाही. पण सुपारीच्या रंगाचं नाणं आता गुलाबी दिसून राहिलंय. पुन्हा काळवंडायला काही लावता येईल का?

इतवारीवाला:
काहीच लावू नका. आधी वजन करा, कोणीही सराफ दोन मिनिटांत करून देईल. १७९५ च्या शेवटी सेंटचं वजन २०८ ग्रेनवरून (ग्रेन हे वजनाचं जुनं इंग्रजी माप) १६८ वर आणलं, म्हणजे १०.८९ ग्रॅम. झीज धरून साडेदहाच्या आसपास भरलं तर बरं. कडही बघा. सगळीकडून जोडाची बारीक रेघ फिरलेली दिसली तर ती दोन पत्रे जोडून केलेली नक्कल.

धरमपेठचे काका:
महालकर, मी तीस वर्षं हीच नाणी जमवतोय, एकोणीस झाली. १७९३ चा साखळीवाला सेंट काही हाती लागला नाही. पंधरा राज्यांसाठी पंधरा कड्या काढल्या होत्या, पण स्वातंत्र्याच्या देवीमागे साखळी कशाला म्हणून लोकांनी नावं ठेवली आणि टांकसाळीनं ती लगेच बदलली. तांब्याच्या एवढ्याशा चकतीवर लोक भांडले, म्हणूनच मला ही नाणी जवळची वाटतात.

आता तुमचं नाणं. साल बोटानं झाका आणि मागची बाजू बघा. तेव्हा फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत नाणं पाडायच्या ठशावर अक्षरं, आकडे एकेक करून हातानं ठोकत. त्यामुळे दोन ठसे सारखे नसत. या सेंटांचा अभ्यासक शेल्डन, त्यानं १९४९ मध्ये या सगळ्या प्रकारांना क्रमांक दिले. १७९९ चे प्रकार मोजकेच आहेत. पानांच्या वेढ्यातली बारीक फळं अक्षरांच्या कुठे येतात, अपूर्णांकाची आडवी रेघ किती लांब आहे, हे फोटोशी ताडून पाहा. मागची बाजू जुळली नाही तर नऊचा प्रश्नच मिटला.

आणि १७९८ च्या आठाचा नऊ करून विकणारे पूर्वीपासून आहेत. मी स्वतः २००६ मध्ये फसलोय. विकणाऱ्यानं आठाच्या खालच्या गोलाची डावी बाजू खरवडून काढली होती. भिंगाखाली तेवढ्याच जागी पसाभर पाणी साचावं तसा उथळ खळगा दिसला. बाकीचं मैदान, म्हणजे चित्र-अक्षरांमधली मोकळी जागा, सपाट.

रंगाचं म्हणाल तर ती तपकिरी साय दोनशे वर्षांत धरलेली असते आणि चिंचेची आंबटाई ती खाऊन टाकते. गंधक लावून काळं करणारे आहेत, पण जाणत्याच्या नजरेतून ते सुटत नाही. राहू द्या, काही वर्षांत गुलाबीपणा आपोआप मावळेल. फक्त कडेनंच धरा. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, हिरवा चिकट थर येतो. आणि कूलरच्या खोलीत तर अजिबात नको. आपला कोरडा उन्हाळा तांब्याला मानवतो, पण वाळ्याच्या ताट्या दिवसरात्र भिजत राहिल्या की नाणं कळकायला लागतं.

वर्धा रोड:
ग्रेडिंगला, म्हणजे नाण्याचा दर्जा ठरवून घ्यायला, अमेरिकेला पाठवायचा विचार असेल तर थांबा. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावशेष ठरतं, असंच परदेशी पाठवता येत नाही.

महालकर:
वजन १०.४२ ग्रॅम, कड साफ. मागची बाजू १७९९ च्या एकाही फोटोशी जुळत नाही. खिडकीपाशी नाणं तिरपं धरून मुलीच्या भिंगातून पाहिलं तर खालच्या गोलाची डावी बाजू केसाएवढी शिल्लक आहे. आठच. खळगा कुठेच नाही, म्हणजे मामांना कोणी फसवलं नव्हतं, याचा फार आनंद झाला.

आईनं जुन्या सुती लुगड्याची छोटी पिशवी शिवलीय. काका, चालेल ना?

धरमपेठचे काका:
चालेल. कापडाला खळ नाही ना, तेवढं बघा. आणि आत कागदावर मामांचं नाव, वजन आणि आज पाहिलेलं सगळं लिहून ठेवा.