वॅगनआरसाठी मायलेज देणारे टायर कोणते घ्यावेत? (हायवे + घाट)

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी,

गाडी वॅगनआर १.२ पेट्रोल, २०१९ चं मॉडेल. टायर कंपनीतून आलेलेच आहेत, साईज १६५/७० आर१४ (रुंदी १६५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १४ इंची). पुढचे दोन्ही खाचांमधल्या झिजेच्या खुणेला टेकत आलेत. मागच्यांना थोडी नक्षी शिल्लक आहे, पण साइडवॉलला बारीक चिरा दिसायला लागल्यात. म्हणजे चारही बदलायचे हे जवळपास ठरलंय.

वापर असा: कामासाठी अधूनमधून कराड ते सातारा जाऊन-येऊन, सगळा हायवे. मधेमधे डायव्हर्जन आणि त्यावरची खडी आहेच. सासर चिपळूणला, त्यामुळे कुंभार्ली घाट चुकत नाही, आणि तोही नेमका गणपतीत, भर पावसात. वर्षाला साधारण १५ हजार किलोमीटर होतात. पेट्रोलचं बिल बघून या वेळी मायलेजवाले टायर घ्यावेत असं डोक्यात आहे.

दोन दुकानं फिरलो. पहिला म्हणाला, "साहेब, १७५/७० टाका, गाडी रस्त्याला चिकटून बसते." दुसऱ्याने 'फ्युएल सेव्हर' म्हणून एक मॉडेल दाखवलं, टायरमागे सातशे रुपये जास्त. किती फरक पडेल विचारलं तर "पडतो ना!" एवढंच उत्तर.

तर असे टायर घेऊन खरंच पैसे वाचतात का? वाचत असतील तर पावसात पकड कमी पडते का? आणि साईज वाढवावी का? जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

सिंगलफसली

सगळी जाहिरातबाजी. हवा बरोबर ठेवा, पाय हलका ठेवा, झालं. टायरने मायलेज वाढतं तर सगळ्यांनी तेच नसते का घेतले?

जुना गेज

सिंगलफसली, हवेचं बरोबर बोललात, जाहिरातबाजीचं अर्धवट. थोडा हिशोब मांडतो.

टायर फिरताना रस्त्याला टेकलेला भाग दबतो आणि पुन्हा मोकळा होतो. या दाबण्या-सोडण्यात रबर तापतं, ती उष्णता म्हणजे तुमचं पेट्रोल. यालाच रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. तो टनामागे किती किलो ओढ लागते यात मोजतात. साध्या टायरला टनामागे १० किलोच्या आसपास, चांगल्या 'इको' टायरला ८ किंवा त्याहून कमी. युरोपच्या लेबलवर ६.५ पर्यंत असेल तर ए वर्ग, ७.८ ते ९ ला सी.

तुमची गाडी माणसांसकट एक टन धरा. १० वरून ८ वर आलात तर ओढ २ किलोने कमी झाली. इंजिनाची कार्यक्षमता वगैरे धरून १०० किलोमीटरला फार तर पाव लिटर वाचेल, तेही कागदावर. रस्त्यावर ब्रेक, चढ, एसी, समोरचा वारा या सगळ्यात ते विरघळतं. मी ३ टक्के धरून चालतो. २० चा मायलेज असेल तर ४० हजार किलोमीटरला २,००० लिटर पेट्रोल जातं, त्याचे ३ टक्के म्हणजे ६० लिटर. लिटरला १०४ रुपये धरले तर सहा हजारांच्या वर. तुमचे जादा पैसे चार टायरचे मिळून २,८००. म्हणजे सौदा तोट्याचा नाही.

पण एक मेख आहे. रबर आणि नक्षी बनवताना तीन गोष्टींची ओढाताण असते: कमी ओढ, ओल्या रस्त्यावर पकड आणि आयुष्य. सिलिका घातलेल्या रबराने पहिल्या दोन्ही बऱ्यापैकी जमतात, पण स्वस्तात काढलेल्या 'मायलेज' टायरमध्ये तिसरी नाहीतर दुसरी मार खाते. अठरा हजारांचा सेट ४० ऐवजी ३० हजारांतच संपला, तर वाचवलेल्या पेट्रोलमधले साडेचार हजार तिथेच गेले.

सिंगलफसली

हिशोब पटला. पण माझ्या भावाने असेच टायर टाकले आणि मायलेज उलट कमी झालं. हे कसं?

जुना गेज

कमी होतंच, आणि त्यात टायरचा दोष नसतो. याची दोन कारणं. घासलेल्या टायरवर रबर कमी राहतं, त्यामुळे दबून तापायला मालच कमी, म्हणून जुना टायर नव्यापेक्षा हलका फिरतो. दुसरं कारण मजेशीर आहे. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी, संपत आली की २ मिमी. म्हणजे व्यास १२ मिमीने घटला. या साईजचा नवा टायर सुमारे ५८७ मिमी व्यासाचा असतो, त्यात १२ मिमी म्हणजे २ टक्के. चाक लहान झालं की तेवढ्याच अंतराला जास्त फेरे होतात आणि ओडोमीटर जास्त किलोमीटर दाखवतो. म्हणजे जुन्या टायरवरचा २० हा खरं तर १९.६ असतो. नवे टाकले की तो खरा आकडा दाखवायला लागतो आणि लोक दुकानदाराशी भांडायला जातात.

म्हणून 'इको' टायरची तुलना करायची तर नव्या साध्या टायरशी करा, कालपर्यंतच्या गुळगुळीत टायरशी नको.

कोयनाकाठ

हे वाचून डोळे उघडले. मग १७५/७० चं काय?

जुना गेज

नका टाकू. १७५/७० आर१४ चा व्यास सुमारे ६०१ मिमी होतो, २.४ टक्के मोठा. मीटर कमी किलोमीटर दाखवेल, गाडीचा खरा वेग काट्याच्या हिशोबापेक्षा जास्त असेल, रबराचं वजन वाढेल आणि पिकअपही जरा मंदावेल. मायलेजसाठी टायर शोधताय आणि रुंद टायर घालताय, हे म्हणजे उपास धरून साबुदाणा वडे खाणं. हौसच असेल तर १७५/६५ आर१४ व्यासाने जवळपास तेवढाच भरतो, पण तुमच्या वापराला मूळ साईज उत्तम. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ८१ पेक्षा खाली जाऊ नका.

परशुरामची लेक

मी चिपळूणची, तो घाट पावसात कसा असतो ते मला विचारा. वरून पाणी, खाली चिखल, वळणावर डिझेल सांडलेलं आणि समोरून पोफळीचा ट्रक. तिथे तीन टक्के पेट्रोल कोण मोजतं? दादा, तुम्ही पावसातल्या ब्रेकिंगसाठी टायर घ्या आणि जमलं तर मायलेज बघा, उलट नको. नक्षीच्या खोलीची कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे, पण ती गाठेपर्यंत थांबू नका. ३ मिमीच्या खाली गेलेला टायर साचलेलं पाणी नीट बाहेर टाकत नाही, गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी सरकते. गणपतीच्या आधी बदला, दिवाळीच्या ऑफरची वाट बघू नका.

आणि पैशांची ओढ असेल म्हणून पुढचे दोनच बदलायचं ठरलं, तर नवे मागे टाका आणि मागचे पुढे घ्या. दुकानदार म्हणेल फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, पुढे टाकू. ऐकू नका. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ पळते, स्टिअरिंगमधून हाताला कळतं, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सोडून सावरता येते. मागची सुटली तर गाडी गोल फिरते, आणि घाटात फिरायला जागा नसते.

सिंगलफसली

ताईंना अनुमोदन. पण मॉडेलची नावं कोणी सांगणार का? प्रश्न तोच होता.

जुना गेज

कमी ओढीच्या गटात अपोलो अमेझर एक्सपी, सिएट फ्युएलस्मार्ट, एमआरएफ इकोट्रेड, ब्रिजस्टोन इकोपिया ही नावं दुकानात ऐकू येतील. अमेझर ४जी लाइफ आणि सिएट मायलेज एक्स३ यांचा भर आयुष्यावर आहे. 'मायलेज' हा शब्द इथे टायर किती चालतो या अर्थाने आहे, पेट्रोलशी गल्लत नको. मिशेलिनच्या एक्सएम२+ चा रोख आयुष्य आणि ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग यांवर आहे, किंमतही तशी. प्रत्येक मॉडेल प्रत्येक साईजमध्ये येत नाही, तेव्हा आधी १६५/७० आर१४ मिळतो का ते विचारा आणि मग भावावर या.

फ्रिज-एसीवर तारे देते ती बीईई (केंद्र सरकारची ऊर्जाबचतीची संस्था) टायरलाही तारे देते, रोलिंग रेझिस्टन्सवरून. योजना ऐच्छिक आहे, त्यामुळे सगळ्या टायरवर स्टिकर सापडणार नाही, पण असेल तर दुकानदाराच्या "पडतो ना" पेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवा. परदेशी साइटवरचं लेबल इथल्या टायरला लावू नका, नाव तेच असलं तरी इथला माल वेगळा असू शकतो.

माझं मत विचाराल तर तुम्हाला मधला पर्याय बरा: बऱ्या ग्रिपचा, मूळ साईजचा, शक्य तेवढ्या कमी ओढीचा. अगदी टोकाचा 'फ्युएल सेव्हर' मी फक्त सपाटीवर पळणाऱ्या गाडीला सुचवेन. उरलेलं मायलेज हवेत आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आकडा असतो, तेवढी हवा टायर थंड असताना, सकाळी घराजवळच्या पंपावर भरा. साताऱ्याहून आल्या आल्या तापलेल्या टायरची हवा मोजून कमी करू नका. अलाइनमेंटही त्याच दिवशी करून घ्या. नायट्रोजनचे जादा पैसे मात्र वाचवा, मायलेजला त्याचा उपयोग नाही.

कोयनाकाठ

सगळ्यांचे आभार. काल तिसऱ्या दुकानात गेलो. जुना गेज यांनी सांगितल्याप्रमाणे मूळ साईजच मागितली. परशुरामच्या ताईंचं ऐकून चारही नवे घेतोय, आणि ग्रिपवालेच. एक बरं झालं, पहिल्या दुकानाने दिलेलं कोटेशन जुन्या २८ टक्के जीएसटीचं निघालं. सप्टेंबर २०२५ पासून टायरला १८ टक्के आहे हे दाखवल्यावर तोही खाली आला, पण तोवर या तिसऱ्या दुकानात बोलणं झालं होतं.

टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते सांगणारा साइडवॉलवरचा चार आकडी कोड बघितला. चारपैकी तीन टायर एकाच आठवड्याचे, चौथा वर्षभर जुना. तो बदलून मागितलाय, गुरुवारी येईल.

शेवटचा प्रश्न: दुकानदार जुने टायर तीनशेला एक या भावाने घेतो म्हणतोय. देऊ का? की मागचा एखादा स्टेपनीला ठेवू?

जुना गेज

चिरा पडलेला टायर स्टेपनीला नको. देऊन टाका, पण देण्याआधी प्रत्येकाच्या साइडवॉलला कटरने एक आरपार काप मारा. नाहीतर काळं पॉलिश लावून ते कुणाच्यातरी टेम्पोला बसतात. दुकानदार कुरकुरला तर तीनशेचे दोनशे घ्या.