मदत हवी आहे: सीपीआरचा (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन करायच्या प्रथमोपचाराचा) हात बसलेला कसा ठेवायचा?

नमस्कार मंडळी. मी प्रथमोपचार पथकात स्वयंसेवक आहे. मागच्या महिन्यात धावण्याच्या शर्यतीत ड्यूटीवर असताना एक काका आमच्यासमोरच कोसळले. श्वास नाही. माझ्या जोडीदाराने लगेच छाती दाबायला घेतली, पण दोन मिनिटांत त्याचे हात भरून आले, दाब उथळ पडू लागला. मी जागा घेताना काही सेकंद हातचे गेले. एईडीच्या (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राच्या) एका झटक्याने काका परत आले, पण ते सेकंद माझ्या डोक्यातून जात नाहीत.

मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांनंतर २ श्वास, हे आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, हे घाईत हमखास राहतं.

आम्ही २२ जण, सगळे नोकरी सांभाळून येणारे, आणि सरावाचा पुतळा एकच. वर्षातून एकदाची उजळणी पुरत नाही. दर महिन्याला थोडा वेळ सराव कोणी घेतं का? कसा? आणि न थांबता अदलाबदल करायला नवीन मुलांना नेमकं कसं शिकवता? अनुभव असेल तर कृपया सविस्तर सांगा.