मधुमेह नसताना शुगर ४१! इन्सुलिनोमाबद्दल माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईसाठी विचारतोय. वय ५६, मधुमेह नाही. वर्षभर अधूनमधून पहाटे उठवायला जावं तर अंग घामाने चिंब, काहीबाही बरळते, मला ओळखत नाही. साखरपाणी पाजलं की थोड्या वेळात ताळ्यावर येते, मधलं काही आठवत नाही. संकष्टीला तर हमखास. फिट समजून गोळ्या झाल्या, शेजारच्या काकूंचा अंगाराही झाला. शेवटी तसं होत असतानाच ग्लुकोमीटर लावला : ४१.

मग ७२ तासांच्या उपवास चाचणीसाठी ॲडमिट केलं. दुसऱ्याच सकाळी शुगर ३८ वर आली, चाचणी तिथेच थांबवली. त्याच वेळच्या रक्तात इन्सुलिन १४, सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत तयार होणारा घटक) २.६. शुगर ५५ च्या खाली गेली की इन्सुलिन ३ च्या आत हवं, म्हणून स्वादुपिंडात इन्सुलिन सोडणारी गाठ, म्हणजे इन्सुलिनोमा, असावी असं डॉक्टर म्हणतात. पण सीटी स्कॅन नॉर्मल! नातेवाईक लगेच सुरू, "काही नाहीये, पैसे काढतात."

सीटीत न दिसलेली गाठ पुढे कुणाची सापडली आहे का? ऑपरेशनआधी काय करून घ्यावं? इन्सुलिन कमी सुटावं म्हणून डायझॉक्साइड हे औषध सुचवलंय, त्याने सूज येते का? आणि रात्रीचं कसं सांभाळायचं?

---

प्रतिसाद : माझ्या नणंदेला होता. या गाठी बहुतेक २ सेंमीपेक्षा लहान, सीटीत निसटतात. तिची एंडोस्कोपिक सोनोग्राफीत (तोंडातून दुर्बीण घालून आतून करतात ती) दिसली. तिथेही नाही दिसली तर एक्सेन्डिन पेट स्कॅनचं (अशाच गाठी शोधायचा खास स्कॅन) विचारा. साधारण ९०% गाठी कॅन्सरच्या नसतात, नातेवाईकांना हे आधी सांगा. नणंदेची नुसती गाठ काढली, स्वादुपिंड शाबूत.

डायझॉक्साइडने पायावर सूज येते, अंगावर लवही वाढते. रात्री गजर लावून खायला द्यायचो. झोपताना दुधात कच्चं कॉर्नफ्लोअरही देतात, डॉक्टरांना विचारून. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना.

एक राहिलंच. घरात कुणाला मधुमेहाच्या गोळ्या आहेत का? ग्लिमेपिराइडसारखी गोळी चुकून पोटात गेली तरी इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड असेच वाढलेले दिसतात. ॲडमिट असताना तसं होणं कठीण, तरी त्याच रक्तात गोळीचा अंश तपासलाय ना, बघा.

---

धागाकर्ता : बाबांना ग्लिमेपिराइडच चालू आहे आणि दोघांच्या गोळ्या एकाच डब्यात. उद्या फाइल घेऊन जातो आणि तेच आधी विचारतो.