शब्दचर्चा : बहुसांस्कृतिक, आंतरसांस्कृतिक आणि वर्गातले काही शब्द

अनुवादिका

शिक्षकांसाठी तयार झालेल्या एका प्रशिक्षण-पुस्तिकेचा मराठी अनुवाद करते आहे. मूळ मजकुरात 'मल्टिकल्चरल एज्युकेशन' आणि 'इंटरकल्चरल एज्युकेशन' हे दोन्ही शब्द वारंवार येतात आणि लेखक त्यांत फरक करतो. 'बहुसांस्कृतिक शिक्षण' आणि 'आंतरसांस्कृतिक शिक्षण' असे प्रतिशब्द सहज सुचतात, पण वाचणाऱ्या शिक्षकाला त्यांतून फरक कळेल असं वाटत नाही. शिवाय 'अंतरसांस्कृतिक', 'आंतरसांस्कृतिक', 'अंतःसांस्कृतिक' अशी तिन्ही रूपं वाचनात आली आहेत. 'बहुसंस्कृतिक'ही दिसतं. यातलं योग्य कोणतं, आणि शाळेच्या संदर्भात या शब्दांचा नेमका अर्थ काय घ्यायचा?

व्युत्पत्तिप्रेमी

आधी रूपांचं बघू. 'संस्कृती'ला 'इक' प्रत्यय लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होऊन 'सांस्कृतिक' होतं आणि त्याला 'बहु' जोडलं की 'बहुसांस्कृतिक'. 'बहुसंस्कृतिक' टाळावं. नाम हवं असेल तर स्थितीसाठी 'बहुसांस्कृतिकता' आणि धोरणासाठी किंवा विचारासाठी 'बहुसंस्कृतिवाद', असं वेगळं ठेवा. एखाद्या वर्गात चार भाषा बोलणारी मुलं आहेत ही बहुसांस्कृतिकता झाली. शाळेने त्या चारही भाषांना मान द्यायचा असं ठरवणं हा वाद, म्हणजे घेतलेली भूमिका.

'अंतर्' म्हणजे आत : अंतर्गत, अंतर्मन. 'आंतर' मराठीत रुळलं ते 'दोघांच्या किंवा अनेकांच्या दरम्यान' या अर्थाने : आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय, आंतरशालेय. साने गुरुजींनी मांडलेली 'आंतरभारती'ही याच अर्थाची, प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांना ओळखावं या इच्छेतून आलेली. म्हणून इथे 'आंतरसांस्कृतिक'च हवं.

'अंतःसांस्कृतिक' हा वेगळा शब्द आहे आणि त्याची खरोखरच गरज पडते. बोलिव्हियाच्या २०१० च्या शिक्षण कायद्यात दोन्ही संकल्पना शेजारी शेजारी आहेत : मुलाने आधी स्वतःच्या समूहाची संस्कृती आतून ओळखावी, आणि त्याचबरोबर इतर समूहांशी बरोबरीने देवाणघेवाण करावी. मराठीत या दोन शब्दांमधला फरक एका काना-विसर्गावर तोललेला राहतो आणि वाचताना हमखास निसटतो. तिथे मी पहिल्यासाठी 'स्वसंस्कृतीचे शिक्षण' असंच लिहीन.

खडूफळा

रूप बरोबर असलं तरी 'बहुसांस्कृतिक' शब्दाची एक अडचण उरते, आणि ती मराठीतच आहे. शाळेत 'सांस्कृतिक' म्हटलं की डोळ्यांपुढे रंगमंच येतो. सांस्कृतिक कार्यक्रम, सांस्कृतिक विभाग, सांस्कृतिक प्रमुख : सगळीकडे या विशेषणाचा व्यवहारातला अर्थ नाच, गाणं, वेशभूषा असा आहे. त्यामुळे 'बहुसांस्कृतिक शिक्षण' वाचलं की शिक्षकाच्या मनात अनेक पोशाखांचा एक कार्यक्रम उभा राहतो. वर्षातून एक दिवस तो पार पडतो आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक होतं त्याच पानावर पुन्हा उघडतं.

जगभर या विषयावरची सगळ्यात जुनी टीका हीच आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातले जेम्स बँक्स हे या क्षेत्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. अभ्यासक्रमात विविधता कशी आणली जाते याच्या त्यांनी चार पातळ्या सांगितल्या. पहिली योगदानाची : थोर व्यक्ती, सण, पदार्थ. दुसरी भर घालण्याची : एक धडा वाढवला, बाकीचं पुस्तक तसंच. तिसऱ्या पातळीवर मांडणीच बदलते आणि एकच घटना तिच्यात सापडलेल्या वेगवेगळ्या समूहांच्या जागेवरून पाहिली जाते. चौथीत विद्यार्थी त्या समजेवर निर्णय घेतात, काहीतरी करतात. आपण 'बहुसांस्कृतिक' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा पहिल्या पातळीबद्दल बोलत असतो, तर त्या शब्दाची खरी ताकद तिसरीत आहे.

'कोलंबसाने १४९२ मध्ये अमेरिकेचा शोध लावला' हे एकच वाक्य घ्या. 'शोध लावला' म्हणताना तिथे आधीपासून राहणारे तायनो लोक वाक्यातून गायब होतात. मग त्यांच्या नृत्याचा धडा पुढे कितीही सुंदर जोडला, तरी या वाक्याने मुलाला जे शिकवायचं ते शिकवून झालेलं असतं. 'कोलंबस पोहोचला तेव्हा तिथे कोण राहत होतं, आणि त्यांच्या दृष्टीने त्या दिवशी काय घडलं?' असं विचारणारा तास मला बहुसांस्कृतिक वाटतो, मग त्या तासाला एकही पोशाख दाखवला नसला तरी चालेल.

नकाशावाचक

'बहु' या उपपदाबद्दल थोडं. त्याला स्वतःचा राजकीय इतिहास आहे आणि अनुवादात तो माहीत असलेला बरा. कॅनडात १९६३ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाच्या नावातच 'द्विभाषिकता आणि द्विसांस्कृतिकता' होतं. इंग्रजी आणि फ्रेंच, एवढंच. युक्रेनी वंशाच्या आणि इतर नागरिकांनी विचारलं, मग आम्ही कुठे बसतो? त्यातून ८ ऑक्टोबर १९७१ रोजी पंतप्रधान पिएर ट्रूडो यांनी जे धोरण जाहीर केलं त्यात भाषा दोनच राहिल्या, संस्कृती मात्र 'बहु' झाल्या. १९८८ मध्ये त्याचा कायदा झाला. फ्रेंच बोलणाऱ्यांचं बहुमत असलेल्या क्यूबेक प्रांतात मात्र अनेकांना 'बहु' नको होतं, कारण त्यात फ्रेंच समाज अनेकांतला एक होऊन विरतो. तिथे 'आंतरसांस्कृतिक' हा शब्द पुढे आला.

न्यूझीलंडमध्ये ओढ उलट्या दिशेची आहे. माओरी म्हणजे तिथले मूळ रहिवासी. त्यांच्यातले अनेक विचारवंत 'बहुसांस्कृतिक'पेक्षा 'द्विसांस्कृतिक' शब्दाचा आग्रह धरतात, कारण १८४० चा वाइटांगी करार माओरी आणि ब्रिटिश राजसत्ता या दोघांत झाला. 'बहु' म्हटलं की करारातला एक पक्ष अनेक अल्पसंख्याकांपैकी एक ठरतो. १९८२ मध्ये सुरू झालेल्या 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेचं घरटं, या बालशाळा याच भूमिकेतून उभ्या राहिल्या. तिथे माओरी भाषा विषय म्हणून शिकवली जात नाही, सगळा दिवस माओरीतून चालतो.

तेव्हा मूळ लेखक कोणत्या देशाबद्दल बोलतोय ते पाहून 'द्वि', 'बहु' आणि 'आंतर' जसेच्या तसे ठेवा. वाक्य सुबक व्हावं म्हणून एकाच्या जागी दुसरा घालू नये.

अनुवादिका

हे फार उपयोगाचं आहे. पुस्तिकेत युनेस्कोच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घेतला आहे. त्यांच्या मते बहुसांस्कृतिक शिक्षण इतर संस्कृतींविषयी शिकवून स्वीकार किंवा निदान सहिष्णुता निर्माण करू पाहतं, तर आंतरसांस्कृतिक शिक्षण नुसत्या शेजारी शेजारी राहण्याच्या पुढे जाऊन परस्परसमज आणि संवाद घडवू पाहतं. खडूफळा म्हणतात ती तिसरी पातळी मग यांतल्या कोणत्या शब्दात बसते? दुसरा प्रश्न 'सहिष्णुता' या शब्दाचाच. तो मला खटकतोय.

खडूफळा

युनेस्कोची व्याख्या आणि बँक्स यांचा वापर जुळत नाहीत. अमेरिकेत 'बहुसांस्कृतिक' याच नावाखाली अभ्यासक्रमापासून शाळेच्या रचनेपर्यंत सगळं बदलण्याची मागणी केली गेली, युनेस्कोने त्याच शब्दाला मर्यादित अर्थ दिला. पारिभाषिक शब्द लेखकाचाच ठेवावा लागेल. अर्थ उलगडायला मात्र मराठीकडे एक चांगलं साधन आहे : विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं.

'संस्कृतींविषयी शिकवणं' म्हणजे आशयात माहिती घालणं. 'संस्कृतीतून शिकवणं' म्हणजे मूल घरून जी भाषा, जे अनुभव, जी विचारपद्धत घेऊन येतं तिच्यातून गणित, विज्ञान, वाचन शिकवणं. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ मध्ये मांडलेली अध्यापनदृष्टी अशी आहे. तिच्या अपेक्षा तीन : मुलाने अभ्यासात यश मिळवावं, स्वतःच्या संस्कृतीत घट्ट पाय रोवून राहावं, आणि समाजातल्या अन्यायाकडे चिकित्सकपणे पाहावं. 'संस्कृती टिकवत शिकवणं' ही त्यापुढची पायरी २०१२ मध्ये जँगो पॅरिस यांनी मांडली. घरची भाषा शाळेच्या भाषेकडे नेणारी शिडी म्हणून वापरायची आणि वर पोहोचल्यावर सोडून द्यायची, हे त्यांना मान्य नाही. 'विषयी', 'तून', 'टिकवत' : शिक्षकाला हा फरक एका वाचनात कळतो. पारिभाषिक शब्दानंतर पहिल्या वेळी ही फोड जरूर द्या.

व्युत्पत्तिप्रेमी

'संस्कृतींविषयी' लिहिताना तो अनुस्वार जपा. 'संस्कृती'चं अनेकवचनही 'संस्कृती'च, त्यामुळे सामान्यरूपात अनेकपण दाखवणारी खूण एवढी एकच. 'इतर संस्कृतीचा आदर' असं सर्रास छापलेलं दिसतं. तिथे नकळत एक 'आपली' आणि बाकी सगळ्यांची मिळून एक 'इतर' अशी दोनच खाती पडतात. 'इतर संस्कृतींचा' हवं. या विषयावरच्या पुस्तकात मुद्रितशोधनाची ही पहिली बाब असायला हवी.

'संस्कृती' शब्दाची एक आठवण सांगायचा मोह होतो. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांनी लिहिलंय की 'कल्चर'साठी हा शब्द त्यांना पॅरिसमध्ये एका मराठी मित्राकडून कळला. बंगालीत तेव्हा 'कृष्टि' चालत होता, तो रवींद्रनाथांना आवडत नसे. 'संस्कृति' त्यांनी पसंत केला. पण शब्दासोबत त्याचे नातेवाईकही येतात : संस्कार, सुसंस्कृत, असंस्कृत. त्यामुळे मराठी वाचकाला 'संस्कृती' म्हणजे घासूनपुसून उजळलेलं काहीतरी, कोणाकडे असलेलं आणि कोणाकडे नसलेलं, असं वाटू शकतं. शिक्षणशास्त्रात ती प्रत्येकाकडे असते : जगण्याची रीत, मूल्यं, समजुती, एकत्र राहण्याच्या पद्धती. पुस्तिकेच्या सुरुवातीला हे एका वाक्यात सांगितलंत तर पुढचे बरेच गैरसमज टळतील.

'सहिष्णुता'बद्दल तुमची शंका रास्त आहे. 'सह्' धातू म्हणजे सोसणं. वर्गातल्या सोबत्याला कोणी आपल्याला सोसतंय हे समजणं सुखाचं नसतं. युनेस्कोच्या १९९५ च्या सहिष्णुतेवरील घोषणेतही तिचा अर्थ आदर, स्वीकार आणि कदर असा दिला आहे आणि ती उपकाराची सवलत नव्हे असं स्पष्ट म्हटलंय. घोषणेचं नाव येईल तिथे 'सहिष्णुता' ठेवा, वर्गातल्या वागण्याबद्दल लिहिताना 'आदर' किंवा 'स्वीकार' लिहा.

अनुवादिका

'इक्विटी'साठी काय वापरावं? 'समानता' आणि 'समता' दोन्ही 'इक्वॅलिटी'साठी खर्ची पडले आहेत.

नकाशावाचक

'समन्याय'. पाणीवाटपाच्या चर्चेत 'समन्यायी वाटप' मराठीत चांगलं रुळलंय, तोच शाळेत आणावा. फरक समजवायला १९७४ चा लाऊ विरुद्ध निकोल्स हा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल द्या. सान फ्रान्सिस्कोत चिनी बोलणाऱ्या, इंग्रजी न कळणाऱ्या मुलांना इतरांसारखीच पुस्तकं, तेच शिक्षक, तोच अभ्यासक्रम मिळत होता. न्यायालयाने म्हटलं की एवढ्याने समान वागणूक होत नाही. पुस्तक सारखं देणं ही समानता, ते समजेल अशी मदत देणं हा समन्याय.

चौकस

एक भर समूहांच्या नावांची. जुन्या अनुवादांत 'एस्किमो', 'लॅप', 'जिप्सी', 'रेड इंडियन' सहज येतात. 'लॅप'ऐवजी सामी, 'जिप्सी'ऐवजी रोमा, 'रेड इंडियन'ऐवजी अमेरिकेतले मूलनिवासी हे बदल करायलाच हवेत. पण सरसकट 'शोधा आणि बदला' करू नका. उत्तर ध्रुवाजवळच्या समूहांच्या १९७७ च्या परिषदेत 'एस्किमो'ऐवजी 'इन्युइट' हे नाव स्वीकारलं गेलं, तरी अलास्कातले युपिक स्वतःला इन्युइट म्हणवत नाहीत. ब्रिटनमध्ये काही समूह स्वतःसाठी 'जिप्सी' हेच नाव वापरतात आणि सरकारी कागदपत्रांतही ते रोमापासून वेगळं नोंदलं जातं. शक्य तिथे नेमक्या समूहाचं नाव द्या : 'मूलनिवासी' म्हणण्यापेक्षा नवाहो किंवा क्री. उच्चार देवनागरीत लिहिण्यापूर्वी त्या भाषेच्या बोलणाऱ्याकडून ऐकून घेता आला तर उत्तम, कारण वर्गात शिक्षक तो तुम्ही लिहाल तसाच वाचणार आहेत.