बीएमएस सीईटी : इंग्रजीत ४० पैकी १७, पाठ केलेले शब्द टिकतच नाहीत

लालबागची_बारावी
नमस्कार. मी बारावी कॉमर्सला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. बीएमएससाठी (मॅनेजमेंटची पदवी) राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, देणार आहे. १०० प्रश्न, ९० मिनिटं, त्यातले ४० इंग्रजीचे. रिझनिंग बरं जातं. इंग्रजीत मात्र कालच्या सराव परीक्षेत १७ आले आणि बाबांना मी २७ सांगितले.

क्लासने तीन हजार शब्दांची पीडीएफ दिलीय. आमच्या चाळीच्या गणपती मंडळाचं ऑफिस रात्री अभ्यासिका म्हणून उघडं असतं. तिथे बसून रोज ३० शब्द घोकते. सोमवारचे शब्द गुरुवारी गायब! काल ‘बेनिव्होलंट’ आणि ‘मॅलिव्होलंट’ उलटसुलट करून आले.

चूक ओळखायच्या प्रश्नांत तर मला चूक दिसतच नाही. कालची ही चार वाक्यं मला एकदम बरोबर वाटली होती :
ही इज वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.
वी डिस्कस्ड अबाउट द प्लॅन.
शी इज मॅरीड विथ अ डॉक्टर.
वन ऑफ माय फ्रेंड लिव्ह्ज इन परळ.

मराठी माध्यमातून येऊन कुणी हे पार केलंय का? पीडीएफ चालू ठेवू की सोडू?

दादर_पूर्व
पीडीएफ सोड, पेपर सोडव. ही सीईटी २०२४ ला सुरू झाली, म्हणजे जुने पेपर मोजकेच मिळतील. ते संपले की बँकांच्या परीक्षांचे इंग्रजीचे संच घे. आणि एकही प्रश्न कोरा सोडू नकोस, चुकीला गुण कापत नाहीत. सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) पण देणार असशील तर तिथे हा हिशोब चालत नाही, चुकीला एक गुण जातो.

कर्जतफास्ट
लालबाग, मी पण मराठी माध्यमाची. आता फोर्टात विम्याच्या ऑफिसात पत्रं तपासते, म्हणजे दिवसभर लोकांच्या इंग्रजी चुकाच बघते. तुझी चार वाक्यं वाचून हसू आलं, कारण त्यातली पहिली तीन मराठी वाक्यं आहेत, फक्त कपडे इंग्रजी. म्हणून तर तुला ती खटकली नाहीत.

आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘पाच वर्षांपासून’ पण म्हणतो. ‘पासून’ एकच. इंग्रजीत दोन आहेत. स्वतःला मराठीत प्रश्न विचार. ‘कधीपासून?’चं उत्तर असेल (सोमवार, २०२१, सकाळ) तर सिन्स. ‘किती वेळ?’चं उत्तर असेल (पाच वर्षं, दोन तास) तर फॉर. शिवाय काम पूर्वी सुरू होऊन अजून चालू आहे, म्हणून ‘इज वर्किंग’ नाही, ‘हॅज बीन वर्किंग’. एका वाक्यात दोन चुका होत्या. परीक्षेत बहुधा एकच ठेवतात.

‘चर्चा’ला आपल्याकडे ‘विषयी’ लागतं. ‘डिस्कस’च्या पोटात ते ‘विषयी’ आधीच आहे, म्हणून अबाउट नको. पण नाम आलं, ‘डिस्कशन’, की अबाउट चालतं. हा सापळा लावतात, लक्षात ठेव. लग्न आपण डॉक्टर‘शी’ करतो, म्हणून विथ सुचतं; तिथे टू.

चौथ्या वाक्यात मात्र मराठी तुझ्या बाजूने होती आणि तू तिचं ऐकलं नाहीस. ‘माझ्या मैत्रीणपैकी एक’ म्हणतेस का? ‘मैत्रिणींपैकी’ म्हणतेस. मग ‘फ्रेंड्स’. क्रियापद त्या ‘एक’चं, म्हणून ‘लिव्ह्ज’ बरोबरच आहे.

तू विचारलं नाहीस, तरी अ आणि ॲनचं सांगते, कारण तिथे फुकटचा गुण आहे. तो शब्द देवनागरीत लिही. युनिव्हर्सिटी : सुरुवात ‘य’ची, व्यंजन, म्हणून अ. अवर : सुरुवात स्वराची, ॲन. एमएलए, एक्सरे : ॲन. ‘वन-वे स्ट्रीट’ : व, म्हणून अ. इंग्रजी स्पेलिंग फसवतं, आपली लिपी उच्चार लिहिते. इंग्रजी माध्यमवाल्यांना ही सोय नाही, बिचारे.

आता शब्द. तीन हजार सुटे शब्द कुणाच्याच डोक्यात राहत नाहीत. घराण्याने धर. मलेरिया तुला माहीत आहे, पावसाळ्यात महापालिकेची माणसं पिंपं तपासायला येतात. मूळ इटालियनमध्ये ‘माला आरिया’, खराब हवा. म्हणजे ‘मॅल’ दिसलं की वाईट. ‘बेने’ म्हणजे चांगलं, बेनिफिटमधलं. आणि ‘व्हॉल’ म्हणजे इच्छा, व्हॉलंटिअरमधली. बेनिव्होलंट म्हणजे शब्दशः हितचिंतक. आता उलटं करून दाखव!

खरी गंमत पुढे आहे. लॅटिन आणि संस्कृत एकाच कुळातल्या, त्यामुळे कितीतरी अवघड इंग्रजी शब्द आपले चुलतभाऊ निघतात. डेंटिस्टमध्ये दंत, पेडेस्ट्रियनमध्ये पद, इग्नाइटमध्ये अग्नी, नॉमिनेटमध्ये नाम, मॉर्टलमध्ये मृत. माझा लाडका शब्द ‘सब्जुगेट’. बैलाच्या मानेवरचं जू असतं ना, तेच इंग्रजीत योक, लॅटिनमध्ये युगुम. सब म्हणजे खाली. जुवाखाली घालणं, म्हणजे गुलाम करणं. जोडणाऱ्या त्याच धातूपासून जंक्शन, कंजंक्शन, आणि आपला योग. मी रोज कुर्ला जंक्शनला गाडी थांबली की मनात म्हणते, योग आला.

बेस्ट_४था_मजला
ताई, भारी. म्हणजे इंग्रजी ‘होली’ (पवित्र) आणि आपली ‘होळी’ पण एकच का?

कर्जतफास्ट
नाही हो. ते होली ‘होल’ म्हणजे अखंड या शब्दाच्या घरातलं. होळी होलिकेची. नुसतं कानाला सारखं लागलं म्हणून नातं जोडू नका, शब्दकोशात व्युत्पत्ती बघा. आणि पेपरात नातं सुचलं तरी पूर्ण वाक्यात अर्थ बसतो का ते बघायचं. ‘पेडेस्ट्रियन’ नाम असताना पादचारी, पण विशेषण म्हणून ‘रटाळ, सामान्य’ असाही अर्थ आहे.

एक राहिलं. ऑफिसातलं इंग्रजी जसंच्या तसं उचलू नका. आमच्याकडे सगळे ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहितात, उत्तर द्या या अर्थी. समानार्थी शब्दात रिव्हर्ट आला तर उत्तर ‘पूर्वस्थितीला परतणे’ हेच निवडायचं.

दादर_पूर्व
हे सगळं छान आहे, पण ९० मिनिटांत १०० प्रश्न आहेत. युगुम आठवत बसलीस तर उताऱ्याला वेळ कुठून आणणार?

कर्जतफास्ट
आठवणं घरी, पेपरात नाही. पण तुमचं वेळेचं पटतं. घड्याळ लावूनच सोडव गं.

लालबागची_बारावी
पीडीएफ बंद केली. चुकांची वही केलीय : डावीकडे माझं चुकलेलं वाक्य, उजवीकडे मनातलं मराठी. पहिल्या दोन पानांत ‘शी’ आणि ‘पासून’च भरलेत. आज सरावात २३ आले आणि बाबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, कमी झाले की गं.

आजीला जू काय ते विचारलं. ती साताऱ्याची. तिने लाटणं माझ्या मानेवर आडवं ठेवलं आणि म्हणाली, आता चाल. सब्जुगेट काही मी विसरत नाही.

ताई, एक शंका. ‘युनियन’ला अ, ‘अंब्रेला’ला ॲन, हे लिहून बघितलं, जमलं. पण ‘ऑनेस्ट’? स्पेलिंगमध्ये एच आहे.

कर्जतफास्ट
तू आत्ता तो देवनागरीत लिहिलास की.