1-11 वरून 4-8 : कोच प्राइमचा पहिला सीझन (2023) खरंच यशस्वी म्हणायचा?

फॉल्सम_फील्ड
परवा डेन्व्हरकरांनी लिहिलं की, कोलोरॅडो विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे विजय एका वर्षात चौपट झाले (एक विजय-अकरा पराभवांवरून चार-आठ), तेव्हा हेड कोच डियॉन सँडर्सवर, म्हणजे ‘कोच प्राइम’वर, टीका करणाऱ्यांना नुसती पोटदुखी आहे. हे वाचून गप्प बसवेना.

मी बोल्डरचाच, म्हणजे याच विद्यापीठाचा जुना विद्यार्थी. 2022 चा तो 1-11 चा सीझनही स्टेडियममध्ये बसून काढलाय. त्यामुळे टीसीयूला (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) त्यांच्या घरात 45-42 हरवलं तेव्हा माझा घसा दोन दिवस बसला होता. पण सीझन बारा सामन्यांचा असतो हो. पहिले तीन जिंकलो, उरलेल्या नऊत एक. शेवटचे सहा तर ओळीने हरलो.

स्टॅनफर्डचा सामना आठवा. हाफटाइमला 29-0 आघाडी, लोक गाड्या काढायला निघालेले, आणि शेवट 46-43 पराभवाने. त्यांच्या एलिक अयोमानोर या रिसीव्हरने (पास पकडणारा) 294 यार्ड काढले. ओव्हरटाइममध्ये तर आपला ट्रॅव्हिस हंटर अंगाला चिकटून असताना त्याच्या हेल्मेटमागे हात घालून चेंडू पकडला. तो झेल अफाटच होता, पण त्याआधीच्या दोन क्वार्टरमध्ये अयोमानोरवर दुसरा माणूस का लावला नाही? हे कोचिंगचं अपयश आहे. आणि आपला क्वार्टरबॅक (पास फेकणारा) शेड्युअर, म्हणजे सँडर्सचाच मुलगा, 52 वेळा सॅक झाला (चेंडू हातात असतानाच पाडला गेला). रिसीव्हर झगमगीत आणले, त्याला वाचवणाऱ्या लाइनकडे कुणी बघितलंच नाही. ऑफेन्स चालत नाही म्हणून सीझनच्या मध्यात सहायक कोच शॉन लुईसच्या हातून प्ले-कॉलिंग (कोणती चाल खेळायची ते ठरवणं) काढून पॅट शर्मरला दिलं, त्यानेही काही फरक पडला नाही.

डेन्व्हरकर
आठ पराभवांपैकी पाच सात किंवा त्याहून कमी गुणांनी आहेत : यूएससी, स्टॅनफर्ड, ओरेगन स्टेट, अॅरिझोना, युटा. आदल्या वर्षी आपण सामन्यात तरी असायचो का? घरचे सगळे सामने हाऊसफुल्ल गेले. एप्रिलमधल्या नुसत्या सरावाच्या सामन्याला 47 हजार लोक आले. माझ्या ऑफिसात ज्यांना बोल्डर नकाशावर दाखवता येत नव्हतं, ते सोमवारी सकाळी माझ्या टेबलाशी येऊन हंटरबद्दल विचारायचे. तुम्ही तीस वर्षं जुन्या आठवणींवर जगताय, म्हणून तुम्हाला हे दिसत नाही.

लिंकनचा_माणूस
आम्हा नेब्रास्कावाल्यांचं दुःख कुणी विचारत नाही. आमचाही कोच नवाच, मॅट रूल. 5-7 ने संपवलं, म्हणजे तुमच्यापेक्षा एक विजय जास्तच, पण कॅमेरे सगळे तुमच्याकडे. तुमच्याकडून 36-14 हरलो हे खरं, चेंडू आम्हीच टाकून दिले. त्या सामन्यावर अजून रागच येतो.

फॉल्सम_फील्ड
दादा, नेब्रास्काचा वेगळा धागा काढा. इथे विषय वेगळा आहे.

नागपूरची_लेक
विजय-पराभव बाजूला ठेवा. पहिल्याच मीटिंगमध्ये सँडर्सने मुलांना पोर्टलमध्ये (दुसऱ्या कॉलेजात जायची नोंदणी) जायला सांगितलं. जुन्या शिष्यवृत्तीवाल्यांपैकी दहाच्या आसपासच राहिले. हे कुणालाच खुपत नाही का? माझी मुलगी दुसऱ्या एका राज्यात कॉलेजकडून धावते. तिचा कोच बदलला आणि नव्याने पहिल्या आठवड्यात अर्ध्या मुलींना सांगितलं, तुमची जागा नाही. शिष्यवृत्ती शाबूत होती, पण लॉकर रिकामा करून ती पिशवी घेऊन हॉस्टेलवर आली तेव्हा फोनवर तिला बोलता येत नव्हतं. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं असतात ही.

डेन्व्हरकर
ताई, तुमच्या मुलीबद्दल वाईट वाटलं. पण नवा हेड कोच आला की पहिल्या वर्षी रोस्टर (खेळाडूंची यादी) बदलायची मुभा नियमातच आहे, आणि शिकायचं असेल तर शिष्यवृत्ती विद्यापीठाला द्यावीच लागते. 1-11 चा संघ तसाच ठेवायचा होता का?

साताऱ्याचे_सर
नियमाचं सोडा. एक मुलगा क्वार्टरबॅक, दुसरा सेफ्टी (बचावातला), तिसरा बाजूला कॅमेरा घेऊन उभा. वडील हेड कोच. मी वीस वर्षं शाळेत क्रिकेट शिकवलं. निवड समितीतल्या एकाचा मुलगा होता म्हणून माझा डावखुरा स्पिनर जिल्ह्याच्या संघातून गेला. त्या पोराने पुढे बॉल हातात धरला नाही. बाप आणि निवड एका छताखाली नको, एवढंच म्हणतो.

डेन्व्हरकर
सर, काय बोलताय! शेड्युअरचे 27 टचडाउन आणि इंटरसेप्शन (पास थेट विरोधकाच्या हातात) फक्त 3. कोलोरॅडो स्टेटविरुद्ध स्वतःच्या दोन यार्डवरून 98 यार्डांची ड्राइव्ह (सलग चढाई) काढून बरोबरी केली, मग डबल ओव्हरटाइममध्ये जिंकलो. वडिलांच्या नावावर असा चेंडू जात नाही. तुमच्या जिल्ह्याचा राग या पोरावर काढू नका.

साताऱ्याचे_सर
आवाज चढवू नका. पोरगा चांगला खेळतो हे मी नाकारलंच नाही. मुलगा इतका आपटत असताना त्याला बाहेर बसवायचा निर्णय बापाकडून होईल का, हा माझा प्रश्न. वॉशिंग्टन स्टेटच्या सामन्यात दुखापतीने बाहेर गेला, युटाविरुद्ध उतरलाच नाही. तेवढं होईपर्यंत थांबायचं होतं?

फॉल्सम_फील्ड
इथे मी सरांच्या बाजूने नाही. बाहेर बसवून दुसरा कोण आणणार होते? मुलगा असो नसो, शेड्युअर या संघातला सगळ्यात भरवशाचा खेळाडू होता. मला राग आहे तो त्याच्यापुढे उभ्या केलेल्या लाइनचा.

लिंकनचा_माणूस
बाप-लेक जोडी आमच्याकडे असती तर आम्हीही डोक्यावर घेतली असती, हे कबूल करतो.

डेन्व्हरकर
ठीक आहे, लाइन कमकुवत होती, मान्य. स्टॅनफर्डचा सामना हरायला नको होता, तेही मान्य. पण पुढच्या वर्षी, 2024 ला, बिग 12 या दुसऱ्या लीगमध्ये जातोय आणि आता चांगली पोरं बोल्डरला यायला तयार आहेत. हे एकाच माणसामुळे झालं, ते तुम्हालाही मान्य करावं लागेल.

फॉल्सम_फील्ड
पोरं येतील, ते मान्य. त्यात तीनशे पाउंडांचे टॅकल (लाइनमधले धिप्पाड खेळाडू) किती असतील ते सांगा.

नागपूरची_लेक
आणि त्या नव्या टॅकलसाठी यंदाच्या लाइनमधल्या पोरांना पुन्हा पोर्टल दाखवणार ना? मी पहिल्यापासून तेच विचारतेय.