'रेझिलियन्स'ला मराठी शब्द : लवचिकता, सहनशीलता की उभारी?

मेघना : अपस्मार (फेफरं, आकडी) असलेल्यांना द्यायच्या प्रश्नावलीचं मराठीकरण करताना 'रेझिलियन्स'वर, म्हणजे संकटातून मनाने पुन्हा उभं राहण्याच्या क्षमतेवर, अडायला होतं. 'लवचिकता' सर्रास वापरतात. 'सहनशीलता' कशी वाटते?

श्रीपाद : 'सहनशीलता' नकोच. त्यात निमूट सोसणं येतं. लेव्हेटिरॅसिटॅम या अपस्मारावरच्या औषधाने काहींची चिडचिड वाढते, उदास वाटतं. ते डॉक्टरांना सांगायचं असतं, सोसायचं नसतं.

'लवचिकता' मूळ अर्थाच्या जवळ आहे : लॅटिन 'रेसिलिरे' म्हणजे उडी मारून मागे येणं. पण मराठीत 'लवचीक' म्हटलं की वेत, योगासनं, नाहीतर 'धोरणात लवचिकता' आठवते. शिवाय इथे पूर्वपदावर येणं हा अर्थच तोकडा पडतो. योग्य औषधाने दहापैकी सात जणांचे झटके थांबू शकतात, तरी 'पुन्हा आला तर?' ही धास्ती उरते. तिच्यासकट नोकरी, प्रवास, लग्न निभावणं हा खरा मुद्दा आहे.

आरती : 'चिवटपणा'?

श्रीपाद : चिवट खोकला, चिवट डाग! मराठीत हे विशेषण दुखण्यालाच पटकन चिकटतं. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारालाही 'चिवट' म्हणतील, मग माणूस चिवट की आजार?

सुलभाताई : 'सावरणे' कानाला फार छान वाटतं, पण या प्रश्नावलीत ते घातक आहे. सहा वाक्यांच्या संक्षिप्त रेझिलियन्स मापिकेत (२००८) 'कठीण काळानंतर मी लवकर सावरतो' अशा आशयाचं वाक्य आहे. अपस्मार असलेला माणूस ते वाचून झटक्यानंतरची गुंगी आठवतो : शुद्धीवर यायला दहा मिनिटं लागली की तासभर? तो शरीराचं उत्तर देतो, आपण मनाचं समजून बेरीज करतो. म्हणून 'वाईट काळ गेल्यावर मनाने पुन्हा उभं राहायला मला फार दिवस लागत नाहीत' असं सुटसुटीत लिहावं.

मात्र यात 'नाहीत' आलं, आणि उत्तरात 'असहमत' निवडलं की दोन नकार जमतात. त्यापेक्षा 'मी मनाने लवकर उभा राहतो/राहते' बरं. प्रत्येक वाक्याला १ ते ५ गुण असतात आणि सहापैकी तीन वाक्यं मुद्दाम उलटी आहेत, म्हणजे त्यांना 'सहमत' म्हणणं हे खचल्याचं लक्षण. त्यांचे गुण सहातून वजा करायचे (१ चे ५, २ चे ४), मग सरासरी. हे विसरलं की खचलेला आणि खंबीर माणूस सारखेच दिसतात.

मेघना : मग नाव?

सुलभाताई : 'मनाची उभारी'. उमेद नुसती असते किंवा खचते, पण उभारी धरता येते आणि देताही येते. झटका आल्यावर कुशीवर वळवणारा, तोंडात काही न घालणारा, घड्याळ बघून पाच मिनिटं उलटताच रुग्णवाहिका बोलावणारा शेजारी उभारी देतोच की. एकट्याच्या स्वभावावर सगळा भार टाकणारा शब्द इथे नको.

आरती : आणि 'झटके किती आले?' हाही प्रश्न तपासा. काही सेकंद नजर स्थिर होऊन बोलणं तुटतं, त्याला घरात कुणी झटका म्हणत नाही. 'मधेच भान हरपतं का?' असं वेगळं विचारावं. आकडी, फेफरं, फीट यांतला गावात चालणारा शब्दही शेजारी द्यावा.

सुलभाताई : दोघांनी स्वतंत्र भाषांतर करावं, तिसऱ्याने मूळ न पाहता ते उलट इंग्रजीत न्यावं. मग काही रुग्णांना प्रत्येक वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. 'समजलं का?' विचारू नका, सगळे 'हो' म्हणतात.